डासाच्या पोटातले गुपित

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळा संपत आला की आपल्या मोहल्ल्यात कोणाला तरी हुडहुडी भरून ताप येतो. दोन-दोन गोधड्या पांघरल्या तरी अंगातले हीव जात नाही. मग अंग तव्यासारखे तापते. डोके ठणकते. शेवटी दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. आजाऱ्याला वाटते, सुटलो बुवा! पण एक दिवस जातो न जातो तोच पुन्हा तीच थंडी आणि तोच ताप. मराठीत याला हिवताप म्हणतात. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी याला बारी का बुखार म्हणतात. डॉक्टर त्याला मलेरिया म्हणतात.

हा ताप डासाच्या चावण्याने येतो, हे आज लहान मुलालाही ठाऊक आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या नामवंत डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हते. दलदलीतून, साचलेल्या पाण्यातून विषारी हवा निघते व त्या हवेने ताप येतो, असे लोक मानत. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. तो इटालियन भाषेतला शब्द आहे.

दोष हवेचा नाही, डासाचा आहे, हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांचे नाव सर रोनाल्ड रॉस. त्यांनी हा शोध आपल्या भारतात लावला. या कामात ज्यांनी त्यांना साथ दिली, त्यांत तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसे होती. म्हणून ही कथा तुम्ही नीट वाचावी असे मला वाटते.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या कुशीतील अलमोडा या गावी झाला. तारीख लक्षात घ्या. तीनच दिवस आधी, म्हणजे १० मे रोजी, मेरठ येथे इंग्रजांविरुद्ध मोठा उठाव सुरू झाला होता. रोनाल्डचे वडील इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत मोठा. आठ वर्षांचा झाल्यावर त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले.

रोनाल्डला कविता लिहिण्याचा नाद होता. संगीत आवडत असे. चित्रे काढायला आवडत असे. गणिताची कोडी सोडवताना तो तहानभूक विसरे. आपण लेखक किंवा कलावंत व्हावे असे त्याला वाटे. पण वडिलांची इच्छा वेगळी होती. मुलाने डॉक्टर होऊन हिंदुस्थानात सरकारी नोकरी करावी, असे त्यांनी ठरवले. १८७४ साली रोनाल्डचे नाव लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात घातले गेले. मन नसताना घेतलेले शिक्षण जसे होते, तसेच ते झाले. अभ्यास कमी आणि कविता जास्त. काही काळ त्यांनी जहाजावर डॉक्टर म्हणून नोकरी केली. पुढे परीक्षा पास होऊन १८८१ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि हिंदुस्थानात परतले.

सुरुवातीची वर्षे मद्रास, ब्रह्मदेश, अंदमान अशा ठिकाणी गेली. कामाचा बोजा फारसा नव्हता. रॉस कविता लिहीत, गणित सोडवीत. १८८३ साली ते बंगलोरला होते. त्यांच्या खोलीत डासांचा फार त्रास होता. खिडकीजवळच्या पिंपात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताना त्यांना दिसल्या. त्यांनी ते पाणी ओतून टाकले. डास कमी झाले. गोष्ट अगदी लहान होती. पण पाणी हटवले की डास हटतात, हे त्यांनी त्या दिवशी मनात नोंदवून ठेवले.

आता थोडे मागे जाऊ. १८८० साली अल्जीरिया देशात शार्ल लाव्हरां नावाचे एक फ्रेंच लष्करी डॉक्टर काम करीत होते. हिवतापाच्या आजाऱ्याचे रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना त्यात अतिसूक्ष्म सजीव दिसले. काही गोल होते, तर काही चंद्रकोरीच्या म्हणजे हिलालच्या आकाराचे होते. दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणाऱ्या अशा जिवाला परजीवी म्हणतात. हिवताप हवेने नव्हे, तर या परजीवी जंतूने येतो, असे लाव्हरां यांनी सांगितले.

पुढे इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एका आजाऱ्याला एक दिवसाआड ताप येतो, तर दुसऱ्याला दोन दिवस सोडून येतो. या दोघांच्या रक्तातले जंतू सारखे नसतात. म्हणजे हिवतापाचा जंतू एकाच जातीचा नाही. त्याच्या अनेक जाती आहेत. आज माणसाला ताप आणणाऱ्या पाच जाती आपल्याला माहीत आहेत. त्यांतली फाल्सिपेरम ही जात सर्वांत घातक. चंद्रकोरीचा आकार असतो तो तिचाच. व्हायव्हॅक्स ही जात आपल्या देशात खूप आढळते. हा जातींचा मुद्दा विसरू नका. आपल्या कथेत तो पुन्हा येणार आहे.

जंतू सापडला, पण तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा? हे कोडे कोणालाच सुटत नव्हते. लंडनमधील डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांना डासाचा संशय होता. हत्तीपाय रोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे त्यांनी पूर्वी चीनमध्ये पाहिले होते. १८९४ साली रॉस रजेवर लंडनला गेले, तेव्हा ते मॅन्सन यांना भेटले. तोपर्यंत लाव्हरां यांच्या जंतूवर रॉस यांचा विश्वास नव्हता. मॅन्सन यांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली तो जंतू दाखवला. रॉस यांचा संशय फिटला. हे कोडे आपण हिंदुस्थानात सोडवायचे, असा त्यांनी निश्चय केला. आयुष्याची वाट शोधणाऱ्या या माणसाला वयाच्या सदतिसाव्या वर्षी ती सापडली.

१८९५ साली ते परत आले, तेव्हा त्यांची घाई पाहण्यासारखी होती. मुंबई बंदरात बोट लागली. सामान अजून जकातीच्या कचेरीतून सुटायचे होते. पण रॉस थेट मुंबईच्या सरकारी रुग्णालयात पोहोचले आणि हिवतापाचे रुग्ण शोधून त्यांचे रक्त तपासू लागले. तेथून ते आपल्या पलटणीकडे सिकंदराबादला गेले.

सिकंदराबाद म्हणजे हैदराबादचे जुळे शहर. तेथील बेगमपेठ भागात लष्करी रुग्णालय होते. तेथे रॉस यांचे प्रयोग सुरू झाले. पद्धत सोपी वाटते, पण काम किचकट होते. अळ्या पकडायच्या, त्यांच्यापासून डास वाढवायचे, ते हिवतापाच्या रुग्णाला चावू द्यायचे, मग डास फाडून त्याचे पोट सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. डास केवढासा! त्याचे जठर सुईच्या टोकाने बाहेर काढायचे आणि त्याचा कणन् कण पाहायचा. एका डासाला तासन्‌तास लागत.

असे शेकडो डास त्यांनी फाडले. हाती काही लागले नाही. मध्येच सरकारने त्यांना कॉलऱ्याच्या साथीच्या कामासाठी बंगलोरला पाठवले. दोन वर्षे अशीच गेली. १८९७ साली उटकमंडच्या डोंगरभागात गेले असता त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. पण शोध थांबला नाही.

तुम्ही विचाराल, एवढे डास तपासूनही जंतू का सापडला नाही? कारण रॉस चुकीच्या जातीचे डास तपासत होते. घरात नेहमी आढळणारे करडे डास आणि पट्ट्यापट्ट्यांचे डास त्यांनी घेतले होते. माणसाच्या हिवतापाचा जंतू त्या डासांत वाढतच नाही. त्याला ॲनॉफेलिस जातीचाच डास लागतो, आणि तोही मादी. नर डास रक्त पीतच नाही.

ऑगस्ट १८९७ मध्ये रॉस यांच्या हाती वेगळ्याच अळ्या आल्या. त्यांच्यापासून तपकिरी रंगाचे, पंखांवर ठिपके असलेले डास निघाले. हे डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावू देण्यात आले. त्याच्या रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू होते. प्रत्येक डासामागे हुसेन खानला एक आणा मिळे. त्या काळी रुपयाचे सोळा आणे होत.

दिवस उकाड्याचे होते. रॉस यांना पंखा चालवता येत नव्हता, कारण वाऱ्याने फाडलेले डास उडून गेले असते. कपाळावरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. त्याची काच तडकली होती. २० ऑगस्ट १८९७ रोजी दुपारी त्यांनी एक डास फाडला. हुसेन खानचे रक्त पिऊन त्या डासाला चार दिवस झाले होते. थकलेल्या डोळ्यांनी ते जठराची भिंत पाहू लागले. भिंतीवर एक गोल पेशी दिसली. पूर्वी पाहिलेल्या शेकडो डासांत असली पेशी कधी दिसली नव्हती. तिच्या आत काळसर रंगाचे बारीक कण होते. असेच कण हिवतापाच्या जंतूत असतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक डास फाडला. त्यात त्याच पेशी होत्या, पण आकाराने मोठ्या. म्हणजे जंतू डासाच्या पोटात जिवंत होता आणि वाढत होता!

त्या दिवशीच्या आनंदात रॉस यांनी एक कविता लिहिली. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर डास दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, येथे हुसेन खानची आठवण ठेवा. शोध रॉस यांचा, पण रक्त हुसेन खानचे. तापाने फणफणलेला तो गरीब माणूस डासांना आपला हात देऊन बसला, म्हणून ते गुपित उघडले. रुग्णांवर केलेले त्या काळचे काही प्रयोग आज कोणी करू देणार नाही. आज रुग्णाला सर्व धोके समजावून सांगावे लागतात आणि त्याची संमती घ्यावी लागते. पण हुसेन खानचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच झाले.

शोध लागला म्हणून सरकारने रॉस यांचा सत्कार केला असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे काही झाले नाही. पुढच्याच महिन्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला. त्यांना राजपुतान्यातील खेरवाडा या आडगावी धाडण्यात आले. तेथे हिवतापाचे रुग्ण जवळजवळ नव्हतेच. सुतार आहे, हत्यारे आहेत, पण लाकूडच नाही, अशी त्यांची गत झाली. वैतागून ते नोकरी सोडायला निघाले. मॅन्सन यांनी लंडनमधून खटपट केली. तेव्हा कोठे रॉस यांना संशोधनासाठी कलकत्त्याला पाठवण्यात आले. फेब्रुवारी १८९८ मध्ये ते तेथे पोहोचले.

कलकत्त्यात नवी अडचण उभी राहिली. त्या दिवसांत प्लेगची दहशत होती. सरकारी डॉक्टर सुई घेऊन आला की लोक घाबरत. रक्त द्यायला कोणी तयार होईना. रॉस यांनी वाट बदलली. पक्ष्यांनाही एक प्रकारचा हिवताप होतो. त्यांनी चिमण्या, कावळे, कबुतरे घेऊन काम सुरू केले. येथे त्यांना मुहम्मद बख्श नावाचा फार चांगला मदतनीस मिळाला. पक्षी पकडणे, अळ्या शोधणे, डास वाढवणे, रात्री पक्ष्यांना मच्छरदाणीत डासांबरोबर ठेवणे, ही कामे तो करी. पुढे किशोरीमोहन बंदोपाध्याय हे तरुणही मदतीला आले.

यावेळी एक गंमत झाली. पक्ष्यांच्या हिवतापाचा जंतू ठिपक्यांच्या डासात नव्हे, तर साध्या करड्या डासात वाढला. जंतूची जात निराळी, तर त्याला लागणारा डासही निराळा!

रॉस दिवसागणिक डास फाडून पाहू लागले. जठराच्या भिंतीवरची गोल पेशी मोठी होते. मग ती फुटते. तिच्यातून धाग्यासारखे असंख्य सूक्ष्म जीव बाहेर पडतात. ते जातात कोठे? ४ जुलै १८९८ रोजी उत्तर मिळाले. ते डासाच्या लाळग्रंथीत जाऊन बसतात. डास चावताना आपली लाळ कातडीखाली सोडतो. त्या लाळेबरोबर जंतू नव्या शरीरात शिरतो. चारपाच दिवसांतच पुरावाही मिळाला. निरोगी चिमण्यांना असे डास चावू दिले, तेव्हा त्यांच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसू लागले. वर्तुळ पूर्ण झाले. कोडे सुटले.

त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या जंतूचाही ॲनॉफेलिस डासातील सारा प्रवास दाखवून दिला. येथून एका मोठ्या भांडणाला सुरुवात झाली. शोधाचा मान कोणाचा, यावरून रॉस आणि ग्रास्सी यांच्यात कित्येक वर्षे वाद चालला. रॉस स्वभावाने तापट होते. ज्या मॅन्सन यांनी त्यांना वाट दाखवली, त्यांच्याशीही पुढे त्यांचे बिनसले. मोठ्या माणसाचे काम मोठे असते, म्हणून त्याचा स्वभावही गोड असेलच असे नाही. आपण कामापासून शिकावे आणि स्वभावापासून सावध व्हावे.

१८९९ साली रॉस यांनी हिंदुस्थान सोडला. ते लिव्हरपूल येथील नव्या वैद्यकीय संस्थेत शिकवू लागले. डासांच्या पैदाशीच्या जागा नष्ट करण्यासाठी ते पश्चिम आफ्रिकेत गेले, सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलिया शहरात गेले, मॉरिशसलाही गेले. १९०२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले ब्रिटिश होत. किशोरीमोहन यांनाही पुढच्या वर्षी सुवर्णपदक देण्यात आले. १९११ साली रॉस यांना सर ही पदवी मिळाली.

लहानपणीची गणिताची आवड आता कामी आली. रॉस यांनी हिवतापाचे गणित मांडले. एका गावात माणसे किती, आजारी किती, डास किती, यांचा हिशेब केला. त्यातून एक मोलाची गोष्ट पुढे आली. हिवताप घालवण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली आणली, तरी आजार हळूहळू आपोआप ओसरतो. आजही साथीच्या रोगांचे अंदाज बांधताना शास्त्रज्ञ अशाच प्रकारचे गणित वापरतात.

१९२७ साली रॉस पुन्हा कलकत्त्याला आले. ज्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी काम केले होते, तेथे त्यांच्या स्मरणार्थ दरवाजा उभारला होता. त्याचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

रॉस यांची कथा येथे संपते. पण त्यांनी उघडलेल्या गुपिताची कथा येथे संपत नाही. डास सापडला, पाणी हटवण्याचा उपाय सापडला, औषधेही होती, तरी हिवताप अजून का गेला नाही? २०२३ या एका वर्षात जगात सुमारे सहा लाख माणसे या तापाने दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेत दगावली आणि तेथील दर चार मृतांत तीन जण पाच वर्षांखालील बालके होती. आपल्या महाराष्ट्रातही गडचिरोलीसारख्या जंगलभागात हा ताप अजून माणसांना छळतो.

याचे एक मोठे कारण त्याच डासाच्या पोटात दडलेले आहे. ते आता समजून घ्या.

डास हा नुसता टपालवाला नाही. एका घरातून जंतू उचलला आणि दुसऱ्या घरी टाकला, एवढेच त्याचे काम नाही. माणसाच्या रक्तात जंतूची नर व मादी रूपे तयार होतात, पण त्यांचे मीलन तेथे होत नाही. ते होते डासाच्या पोटात. १८९७ सालीच मॅककॅलम नावाच्या एका तरुण अभ्यासकाने पक्ष्यांच्या जंतूत हे मीलन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. रॉस यांनी जठराच्या भिंतीवर पाहिलेली गोल पेशी याच मीलनातून जन्मते. म्हणजे डासाचे पोट हे या जंतूंचे लग्नघर आहे.

आता शेतातले उदाहरण घेऊ. ज्वारी हे एकच पीक, पण तिची वाणे अनेक. एक वाण उंच वाढते, दुसरे कीड सोसते. दोन वाणांचा संकर केला, तर दोघांचे गुण असलेले तिसरे वाण मिळू शकते. जंतूचेही तसेच आहे. फाल्सिपेरम ही जात एकच, पण तिच्या पोटात असंख्य वाणे आहेत. सजीवाचे गुण ज्यांत साठवलेले असतात, त्यांना जनुके म्हणतात. वाण बदलले की काही जनुके बदलतात.

ज्या भागात हिवताप वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला असतो, तेथे एकाच मुलाच्या रक्तात एकाच वेळी दोन, तीन किंवा त्याहून अधिक वाणे असू शकतात. त्याला चावलेला डास ती सारी वाणे एकदम पितो. मग लग्नघरात या वाणांचे मीलन होते आणि जनुकांची नवी जुळणी होऊन नवी वाणे जन्माला येतात. जितके डास अधिक आणि आजारी माणसे अधिक, तितकी ही सरमिसळ अधिक. म्हणून आफ्रिकेतल्या दाट हिवतापाच्या भागांत जंतूंची विविधता फार मोठी आढळते. जेथे हिवताप थोडा आहे, तेथे रुग्णाच्या रक्तात बहुधा एकच वाण असते आणि विविधताही कमी असते. यामुळे शास्त्रज्ञ आता रुग्णाच्या रक्ताचा थेंब तपासून त्या भागात हिवताप वाढतो आहे की हटतो आहे, याचाही अंदाज बांधतात.

या विविधतेमुळे माणसाचे तीन प्रकारे नुकसान होते.

पहिले नुकसान मुलांचे. एकदा गोवर झालेल्या मुलाला तो सहसा पुन्हा होत नाही, कारण शरीर त्या जंतूला ओळखून ठेवते. हिवतापाचा जंतू मात्र दरवेळी नवा वेश घेऊन येतो. २००२ साली फाल्सिपेरमची सर्व जनुके वाचण्यात आली. ती सुमारे ५,३०० आहेत. त्यांत सुमारे ६० जनुके केवळ वेश बदलण्यासाठी आहेत, आणि प्रत्येक वाणाची ही ६० वस्त्रे निरनिराळी. म्हणून मूल पुन्हा पुन्हा आजारी पडते. अनेक वर्षे अनेक वाणांशी झुंज दिल्यावर शरीर थोडेफार तरबेज होते. तोवर कितीतरी मुले दगावलेली असतात.

दुसरे नुकसान औषधांचे. क्लोरोक्वीन हे एकेकाळचे रामबाण औषध. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आग्नेय आशियात व दक्षिण अमेरिकेत त्याला दाद न देणारी फाल्सिपेरमची वाणे दिसू लागली. १९७३ साली ती आपल्या आसामात आढळली. मग चीनमधील शास्त्रज्ञ तू यूयू यांनी शोधलेले आर्टेमिसिनिन हे औषध कामी आले. त्यासाठी २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण कंबोडियात आणि पुढे आफ्रिकेच्या काही भागांतही या औषधाला सोसणारी वाणे निघाली आहेत. असंख्य वाणांत एखादे वाण औषध सोसणारे निघाले, तर बाकीची मरतात आणि तेच मागे उरते. म्हणूनच डॉक्टर आता आर्टेमिसिनिनबरोबर दुसरे औषध जोडून देतात. एकाच्या तडाख्यातून जंतू सुटला, तर दुसऱ्याने तो मरावा, हा त्यामागचा विचार.

तिसरे नुकसान लसीचे. हिवतापाची पहिली लस मोठ्या प्रमाणावर वापरण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. गोवराच्या लशीला इतकी वर्षे लागली नाहीत. हिच्यासाठी अनेक दशके गेली. ही लस एका वाणाच्या एका भागावरून बनवलेली आहे. आपल्या वाणाशी जुळणाऱ्या जंतूंना ती चांगली अडवते, इतरांना तेवढी नाही. तरी तिने मुलांचे प्राण वाचतात, ही आनंदाची गोष्ट आहे.

मित्रांनो, यातून आपण काय घ्यायचे? शत्रू हजार वेश घेतो, पण त्याचे लग्नघर एकच आहे. डास नसेल, तर नव्या वाणांचा जन्मही नाही. रॉस यांनी बंगलोरला पिंपातले पाणी ओतले, ते काम तुम्हीही करू शकता. आठवड्यातून एकदा घरातली पिंपे, कुंड्या, कूलर रिकामे करा. टाकीला झाकण घाला. मच्छरदाणीत झोपा. थंडी वाजून ताप आला, तर रक्त तपासून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, औषध सुरू केले की ते पूर्ण घ्या. दोन गोळ्यांनी ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवू नका. अर्ध्या औषधातून वाचलेला जंतू डासाच्या पोटातून दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जातो. ते घर तुमच्या शेजाऱ्याचेही असू शकते.

स्वाध्याय

१. रॉस यांना दोन वर्षे डासांत जंतू का सापडला नाही?
२. हुसेन खान व मुहम्मद बख्श यांनी या शोधाला कोणती मदत केली?
३. डासाच्या पोटाला लग्नघर का म्हटले आहे?
४. जंतूंच्या अनेक वाणांमुळे होणारी तीन नुकसाने थोडक्यात लिहा.
५. आपल्या घराभोवती पाणी कोठे कोठे साचते, ते पाहून पाच वाक्ये लिहा.